दुर्रेस बंदरासाठी बाल्शा आणि थोपिया वीस वर्षं का लढले?

लाटांवरून (धागा सुरू)

नमस्कार मंडळी. मी मर्चंट नेव्हीत थर्ड इंजिनिअर आहे, मूळचा गुहागरकडचा. गेल्या कॉन्ट्रॅक्टला आमचं जहाज अल्बानियात दुर्रेसला क्रोमचं खनिज भरायला लागलं होतं, लोडिंग रखडलं आणि मला चार तास किनाऱ्यावर जायला मिळालं. बंदराच्या गेटातून बाहेर पडून थोडं चाललं की जुना तट लागतो. पातळ विटांचे लांबच लांब थर आणि मधला चुना जवळपास विटेइतकाच जाड, मी हात लावून बघितलं, अजून घट्ट आहे, नखाने खरवडत नाही. खाली कोपऱ्यावर एक गोल बुरूज आहे, तो व्हेनिसवाल्यांचा म्हणे.

तिथे कॉफी प्यायला बसलो तर शेजारच्या टेबलावर एक वयस्कर गृहस्थ होते, आधी शाळेत शिकवायचे, त्यांनी मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं की हे शहर कार्ल थोपियाचं, उत्तरेकडून बाल्शा आला आणि त्याने ते बळकावलं, मग थोपियाने ते परत मिळवलं. जहाजावर आल्यावर हेच मी आमच्या सेकंड ऑफिसरला सांगितलं, तो मॉन्टेनेग्रोचा, बार गावचा. तो एकदम गंभीर झाला. म्हणाला द्राच आमच्या बाल्शाने घेतलं होतं (दुर्रेसला ते लोक द्राच म्हणतात) आणि थोपियाने तुर्कांना बोलावून आपल्याच शेजाऱ्याचं डोकं उडवायला लावलं, तिथून आमचा सगळा मुलूख बुडाला.

सहाशे वर्षांपूर्वीची गोष्ट आणि माणूस काल घडल्यासारखी सांगतोय. तेव्हापासून डोक्यात बसलंय. हे भांडण नेमकं कशावरून होतं? सर्ब विरुद्ध अल्बेनियन असं होतं का? आणि थोपियाने खरंच तुर्कांना आणलं का? कोणी वाचलेलं असेल तर निवांत लिहा, मला ड्युटी संपल्यावर वाचायला वेळच वेळ असतो.

---

जुनी_पानं

फार दिवसांनी आवडीचा विषय आला, त्यामुळे लांबण लागेल, आधीच सांगते.

सुरुवात दुशानपासून करावी लागते. स्टेफान दुशान हा सर्बियाचा राजा, १३४६ मध्ये स्कोप्येला त्याने स्वतःला सम्राट म्हणून राज्याभिषेक करून घेतला, मॅसेडोनिया, एपिरस, थेसली, अल्बानियाचा बराच भाग सगळं त्याच्याखाली. आणि डिसेंबर १३५५ मध्ये तो अचानक गेला. मुलगा उरोश गादीवर आला पण त्याला कोणी जुमानेना. ज्याच्या ताब्यात जो गड, जी खिंड, जी खाण, तो तिथला धनी. पुढची पन्नास वर्षं त्या भागात जे चाललं ते आपल्या भाषेत सांगायचं तर भाऊबंदकी, फक्त भाऊबंद एका घराण्यातले नव्हते एवढंच.

त्यात हे दोघे. उत्तरेला झेटा, म्हणजे आजचा मॉन्टेनेग्रोचा खालचा भाग आणि श्कोडर सरोवराचा परिसर, तिथे बाल्शा घराणं. तीन भाऊ, स्त्रात्सिमिर, ज्युराज आणि धाकटा बाल्शा दुसरा. त्यांच्या दक्षिणेला मध्य अल्बानियात कार्ल थोपिया. हा मोठा महत्त्वाकांक्षी माणूस, आईकडून आपण नेपल्सच्या आंझू राजघराण्याचे आहोत, म्हणजे फ्रान्सच्या राजांच्या रक्ताचे, असं सांगायचा (आई राजा रॉबर्टची अनौरस मुलगी असं मानतात) आणि त्याच्या ढालीवर आंझूची लिलीची फुलं असायची. ही नुसती हौस नव्हती हे लक्षात घ्या. दुर्रेस १२७२ पासून आंझूंच्या हक्काचं शहर मानलं जायचं, १३६८ मध्ये थोपियाने ते त्यांच्याच हातून घेतलं, त्यामुळे घेणाऱ्याचं रक्त त्याच घराण्यातलं असणं हे त्याच्यासाठी सनदेसारखं होतं.

दोघांत पहिली ठिणगी त्याच्याही आधी पडली. १३६३-६४ च्या सुमारास लढाया झाल्या आणि त्यात ज्युराज बाल्शा थोपियाच्या हाती जिवंत सापडला. जवळपास दोन वर्षं कैदेत होता. १३६६ मध्ये सुटला तो रागुसाच्या मध्यस्थीने, रागुसा म्हणजे आजचं दुब्रोव्हनिक. आता रागुसाला काय पडलं होतं? व्यापारी लोक ते, रस्ते बंद पडले की त्यांचं मीठ, कापड, चांदी, धान्य सगळं अडकतं. त्या काळातल्या जवळजवळ प्रत्येक तहात रागुसाचा माणूस कुठेतरी बसलेला दिसतो आणि आज आपल्याला जे तपशील माहीत आहेत त्यातले कितीतरी त्यांच्याच दप्तरातून आलेत, कारण ते लोक सगळं लिहून ठेवायचे.

सुटकेनंतर काही वर्षं बरी गेली. थोपियाची बायको वोयसावा ही बाल्शांच्याच घरची असं वंशावळीत येतं. म्हणजे पुढे जे झालं ते मेहुण्या-मेहुण्यांत झालं.

आता मुख्य मुद्दा, दुर्रेसच का. तुम्ही जहाजावरचे आहात, तुम्हाला पटकन कळेल. इटलीकडून अ‍ॅड्रियाटिक ओलांडून आलं की चांगलं बंदर तेच आणि तिथून निघणारा रोमन काळातला वाया एग्नातिया रस्ता आजच्या एल्बासानवरून ओह्रिद, थेसालोनिकी करत थेट कॉन्स्टँटिनोपलला. म्हणजे जकात. शिवाय मागच्या सपाट भागातलं धान्य.

त्यात १३७२ ला धाकट्या बाल्शाने कोम्निनाशी लग्न केलं आणि सासरकडून त्याला व्लोरा, कानिना, बेरात मिळालं. नकाशा डोळ्यासमोर आणा. उत्तरेला श्कोडर बाल्शांचं, दक्षिणेला व्लोराची मिठागरं बाल्शांची, आणि मधे दुर्रेसला थोपिया. गाडीची दोन्ही चाकं आपली पण आस शेजाऱ्याच्या अंगणात, अशी गत. आणि शेजाऱ्याच्या बाजूने बघितलं तर तो दोन्हीकडून दाबला गेलेला. १३७२ नंतर हे भांडण मिटणं अवघडच होतं असं माझं मत आहे.

---

सह्यकडा

ताईंनी छान मांडलंय. सर्ब विरुद्ध अल्बेनियन या भागावर मी लिहितो, कारण या प्रश्नाने मलाही एकेकाळी बरंच फिरवलं.

आज दोन देश आहेत, दोन झेंडे आहेत, त्यामुळे दोन्हीकडची पुस्तकं १३८५ मध्ये तेच शोधतात. पण तेव्हाची माणसं बघा. बाल्शांच्या दरबारातून सनदा स्लाव्ह भाषेतही निघतात आणि लॅटिनमधेही, त्यांच्या हाताखाली अल्बेनियन सरदार होते, स्लाव्ह होते, किनाऱ्यावरच्या गावांत लॅटिन बोलणारे नागरिक होते. धर्माचं म्हणाल तर बाल्शा आधी ऑर्थोडॉक्स, १३६८-६९ च्या सुमारास कॅथलिक झाले, पोपशी संबंध जोडायला. आणि थोपिया, जो स्वतःला फ्रान्सच्या राजरक्ताचा म्हणवायचा, त्याने काय केलं तर एल्बासानजवळ एका ऑर्थोडॉक्स संताचं मठातलं चर्च १३८१ च्या सुमारास पुन्हा बांधून घेतलं.

आणि तो संत कोण? योवान व्लादिमिर. हा मूळचा दुक्लियाचा राजा, दुक्लिया म्हणजे तीच झेटा, बाल्शांचा मुलूख! १०१६ मध्ये त्याला बल्गेरियाचा इव्हान व्लादिस्लाव्ह याने भेटीला बोलावून प्रेस्पा इथे चर्चच्या दाराशी मारलं, डोकं उडवलं. जुन्या कथेत असं येतं की अभय म्हणून त्याच्याकडे लाकडी क्रॉस पाठवला होता, आणि मरताना तोच त्याच्या हातात होता. तर शत्रूच्या मुलखातल्या जुन्या राजाचे अवशेष थोपिया आपल्याकडे मानाने जपतोय आणि त्याच्यासाठी चर्च बांधतोय. यात सर्ब-अल्बेनियन कसं वेगळं काढणार? मला तरी जमलेलं नाही.

आणि बाल्शांची बाकीची भांडणं बघितली तर त्यातली बरीचशी शेजारच्या सर्ब आणि बोस्नियन सरदारांशीच आहेत. १३७१ च्या उन्हाळ्यात राजा वुकाशिन (उरोशच्या बरोबरीने राज्य करणारा सर्ब राजा) आणि त्याचा मुलगा मार्को फौज घेऊन श्कोडरला येऊन थांबले होते, ज्युराजबरोबर मिळून निकोला अल्तोमानोविच या सर्ब सरदारावर चालून जायचं ठरलं होतं. तेवढ्यात पूर्वेकडून तुर्कांची बातमी आली, वुकाशिन तिकडे वळला आणि २६ सप्टेंबर १३७१ ला मारित्सा नदीकाठी तो आणि त्याचा भाऊ उग्लेशा दोघेही मारले गेले. अल्तोमानोविचला पुढे १३७३ मध्ये सर्ब सरदार लाझार आणि बोस्नियाच्या त्वर्त्कोने मिळून संपवलं, उझित्सेला पकडून डोळे काढले. त्याच्या मुलखातलं त्रेबिन्ये, कोनाव्ले, द्राचेवित्सा ज्युराज बाल्शाने उचललं आणि चार वर्षांत, १३७७ ला, त्वर्त्कोने ते त्याच्याकडून काढून घेतलं. ज्युराज लगेच पुढच्या वर्षी वारला. सगळे आपापल्या जमिनीच्या मागे. मारित्सावर एवढी मोठी फौज बुडाली तरी दोन वर्षांत हे परत एकमेकांच्या गडांवर. ते वाचताना मला दर वेळी वाईट वाटतं.

---

लाटांवरून

दोघांचेही मनापासून आभार, इंजिन रूममधून वर आलो आणि तसाच बसून दोन्ही प्रतिसाद दोनदा वाचले. ते आस आणि चाकाचं लगेच कळलं, कारण व्लोराच्या समोरूनही आम्ही गेलोय. पण सेकंड ऑफिसरचा मुख्य राग तुर्कांवरून होता. १३८५ ला नेमकं काय झालं ते कोणीतरी सांगा ना.

---

नाणीवेडा

हे मी घेतो.

आधी एक राहिलेला दुवा. दुर्रेस थोपियाकडे सलग राहिलं नाही. १३७६ मध्ये नवार्रेचा लुई भाडोत्री फौज घेऊन आला, त्याच्या बायकोचा दुर्रेसवर आंझू घराण्याकडून हक्क होता, त्याने शहर घेतलं आणि तो त्याच वर्षी वारला. थोपियाने ते १३८३ पर्यंत परत मिळवलं. म्हणजे शहर हातात नीट बसतंय न बसतंय तोवर १३८५ च्या वसंतात बाल्शा दुसरा उतरला आणि त्याने घेतलं. त्याच एप्रिलमध्ये रागुसाच्या व्यापाऱ्यांना त्याने सनद दिली त्यात तो स्वतःला द्राचचा ड्यूक म्हणवतोय. शहर घेतल्याघेतल्या पहिलं काम काय, तर व्यापाऱ्यांना सांगणं की बाबांनो तुमच्या जुन्या सवलती चालू आहेत, जहाजं आणा. भांडण कशासाठी होतं ते या एका कागदात आहे.

मग सप्टेंबर. मॅसेडोनियाच्या बाजूने तुर्की फौज आली, सेनापती खैरुद्दीन पाशा असं सांगतात, आणि बेरातच्या परिसरात लुटालूट सुरू झाली. बाल्शा तेव्हा दुर्रेसमध्ये होता. या प्रसंगाचं वर्णन आपल्याला रागुसाचा इतिहासकार माव्रो ओर्बिनी याच्याकडून मिळतं. तो लिहितो की सरदारांनी त्याला थांबवलं, एवढ्या थोड्या माणसांनिशी जाऊ नका म्हणून सांगितलं, पण हा आधीच्या विजयांच्या जोरावर होता, त्याने ऐकलं नाही आणि हजारभर माणसं घेऊन निघाला. समोर पाच हजार. गाठ पडली साव्राच्या माळावर, आजच्या लुश्न्यापाशी, १८ सप्टेंबर १३८५. दुर्रेसपासून साधारण पन्नास किलोमीटर असेल. हा सगळा म्यूझेकेचा सखल भाग, विसाव्या शतकात पाणी काढेपर्यंत दलदल आणि मलेरियासाठी प्रसिद्ध होता. बाल्शा तिथेच पडला, डोकं कापून पाशाकडे नेलं. वुकाशिनचा मुलगा इव्हानिश हाही त्याच्याबरोबर होता आणि तोही पडला असं ओर्बिनी सांगतो, म्हणजे बाप मारित्सावर आणि मुलगा साव्रावर, चौदा वर्षांच्या अंतराने, दोघेही तुर्कांशी लढताना आणि दोघेही सप्टेंबरात.

आता थोपियाने बोलावलं का. परंपरा तसं सांगते आणि कित्येक पुस्तकात ते सरळ सत्य म्हणून छापलेलं असतं. पण ओर्बिनीचं पुस्तक छापलं गेलं १६०१ मध्ये, लढाईनंतर २१६ वर्षांनी. आपल्याकडे बखरीत लिहिलेलं आणि दप्तरात सापडलेलं यात आपण फरक करतो की नाही? तसाच इथे करायला हवा. जे पक्कं आहे ते असं की लढाईनंतर दुर्रेस पुन्हा थोपियाकडे आलं, म्हणजे फायदा त्यालाच झाला, आणि फायदा ज्याला झाला त्याच्याकडे बोट जाणं साहजिक आहे. पण तुर्कांना कोणाच्या बोलावण्याची वाट बघायची गरज होती का? मारित्सानंतर मॅसेडोनियातले सरदार त्यांचे मांडलिक झालेच होते, वाट मोकळी होती, आणि बाल्शाचं बेरात त्या वाटेवर पहिलं लागत होतं.

आणि थोपियाला तुर्कांचा माणूस म्हणायचं असेल तर पुढचं वर्ष बघा. १३८६ च्या ऑगस्टमध्ये त्याने व्हेनिसशी करार केला, त्यांना युद्धात साथ आणि धान्य द्यायचं कबूल करून बदल्यात गलबत आणि मदत मागितली. तुर्क मित्र असते तर व्हेनिसच्या दारात का गेला असता. माझं मत विचाराल तर बोलावलं असेलही, नसेलही, पण त्याला देशद्रोही म्हणता येत नाही कारण ज्या देशाचा द्रोह करायचा तो देशच तेव्हा नव्हता. त्याच्या दृष्टीने द्रोह बाल्शाने केला होता, मेहुणा असून बंदर घेतलं म्हणून.

---

जुनी_पानं

नाणीवेडा यांच्याशी बहुतेक सहमत, पण शेवटच्या वाक्याशी नाही. देश नव्हता हे खरं, तरी तुर्क काय करतात हे १३८५ पर्यंत सगळ्यांना दिसलं होतं, मारित्सा होऊन चौदा वर्षं झाली होती. जर बोलावलं असेल तर थोपियाला परिणाम कळत नव्हते असं मी म्हणणार नाही. त्याला ते कळत होते आणि तरी दुर्रेस जास्त प्रिय होतं, असं मला वाटतं. आणि हे मी त्याला दोष द्यायला लिहीत नाहीये, थोपियाच्या जागी बाल्शा असता तर त्यानेही तेच केलं असतं. पुतण्याने केलंच की. बाल्शाला मुलगा नव्हता, झेटा आणि श्कोडर स्त्रात्सिमिरचा मुलगा ज्युराज दुसरा याच्याकडे आलं आणि त्यानेही टिकून राहण्यासाठी तुर्कांशी जुळवून घेतलं.

कोम्निनाबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. नवरा साव्रावर पडला तेव्हा तिच्याकडे व्लोरा, कानिना आणि एक मुलगी, रुजिना. १३८६ मध्ये तिने व्हेनिसला सांगून पाहिलं की व्लोरा घ्या, पण ते जमलं नाही. मग तीच सांभाळत राहिली, पुढे रुजिना आणि जावई म्र्क्शा यांनी चालवलं. १४१७ पर्यंत, म्हणजे साव्रानंतर बत्तीस वर्षं. तुर्क, व्हेनिस, शेजारचे सरदार या सगळ्यांच्या मधे. थोपियाच्या मुलाला दुर्रेस किती वर्षं सांभाळता आलं? कार्ल १३८८ च्या जानेवारीत वारला आणि मुलगा ज्युराजने (हो, त्याचंही नाव तेच, अल्बेनियनमध्ये ग्येर्ग्य) १३९२ मध्ये शहर व्हेनिसला देऊन टाकलं. चार वर्षं. पाठोपाठ १३९६ ला बाल्शांनी श्कोडर व्हेनिसला दिलं. ज्या बंदरासाठी एवढं केलं ते दोघांच्याही घरात उरलं नाही, तुम्ही बघितलेला तो गोल बुरूज म्हणून व्हेनिसवाल्यांचा. तुर्कांनी श्कोडर १४७९ ला आणि दुर्रेस १५०१ ला घेतलं ते व्हेनिसकडून.

---

सह्यकडा

लाटांवरून, परत दुर्रेसला गेलात आणि पूर्ण दिवस मिळाला तर एल्बासानच्या बाजूला शिन्योन आहे, तोच योवान व्लादिमिरचा मठ. थोपियाने तिथे शिलालेख कोरून घेतला होता, ग्रीक, लॅटिन आणि स्लाव्ह अशा तीन भाषांत, त्यात तो स्वतःला अल्बानियाचा अधिपती आणि फ्रान्सच्या राजरक्ताचा म्हणवतो. तीन भाषांत कोरायचं कारण साधं असावं, तिथे येणारे भाविक तिन्ही प्रकारचे असणार. मूळ शिळा आता तिरानाच्या राष्ट्रीय इतिहास संग्रहालयात असते. लिलीची फुलं आणि सिंह शोधा, थोपियाचं चिन्ह ते. बाल्शांचं लांडग्याचं डोकं.

---

लाटांवरून

मंडळी, काल रात्री हे सगळं सेकंड ऑफिसरला इंग्रजीत समजावून सांगितलं, जमेल तसं. बाल्शाचं आणि ओर्बिनीचं त्याने ऐकून घेतलं, तुर्कांना कोणी बोलावलं यावर काही बोलला नाही. पण योवान व्लादिमिरचं नाव काढलं आणि थोपियाने त्याचं चर्च बांधलं म्हटल्यावर त्याने हातातला चहा खाली ठेवला. हे त्याला माहीत नव्हतं. तो संत त्याच्या गावाचा, बारचा, तिथल्या मोठ्या चर्चला त्याचंच नाव आहे. मग त्यानेच सांगितलं की व्लादिमिरच्या हातातला म्हणून मानतात तो क्रॉस बारजवळच्या एका खेड्यात एका घराण्याकडे पिढ्यान्पिढ्या आहे, आणि पेंटेकोस्टच्या सणाला पहाटे अंधारात तो घेऊन लोक रुमिया डोंगर चढतात, ऑर्थोडॉक्स, कॅथलिक आणि मुसलमान सगळे एका रांगेत. हा लहानपणी आजोबांचा हात धरून गेलाय, वर पोचेपर्यंत सूर्य उगवतो म्हणाला, आणि खाली एका बाजूला समुद्र दिसतो आणि दुसऱ्या बाजूला श्कोडरचं सरोवर.

पुढच्या वेळी दुर्रेसला लागलो तर शिन्योनला आम्ही दोघे मिळून जायचं ठरवलंय.